कोरा रोल आणि सिस्टरांचं मौन

आप्पांनी त्या कामाला मला पाठवलं ते मी चांगली फोटोग्राफर होते म्हणून नव्हे, तर मी बाई होते म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाची फसगत व्हायला नको.

परभणीत आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता. आप्पा म्हणजे माझे वडील लग्नाचे फोटो काढायचे आणि मी मागच्या डार्करूममध्ये बसायचे. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून नवऱ्या मुलींच्या गालावरचे डाग घालवणं हे माझं काम. कॅमेरा हातात यायचा तो पासपोर्ट फोटोपुरता, तोही आप्पा जेवायला गेले असतील तरच. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. दिवाळी नुकतीच उलटली होती, आणि एक दिवस सुवाच्य मराठी अक्षरातलं पत्र आलं.

गंगाखेडहून राणीसावरगावला जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात चार सिस्टरांचं कॉन्व्हेंट होतं. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की टाय लावलेली पोरं डोळ्यांसमोर येतात, पण हे त्या सिस्टरांचं राहतं घर, आणि त्याला लागून दवाखाना. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पत्रात लिहिलं होतं की आमच्या रोजच्या जीवनाचे फोटो हवेत, दोन दिवस राहावं लागेल, आणि बैठकीच्या खोलीपलीकडे पुरुषाला प्रवेश नाही. आप्पांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

आईने आधी नाही म्हटलं, मग दशम्या बांधून दिल्या. आप्पांनी त्यांचा जड रशियन कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मचे तीन रोल हातात ठेवले. "एकात भागलं तर दोन परत आण," असंही वर सांगितलं. हे वाक्य पुढे मला महागात पडलं.

निघायचं बुधवारी होतं, पण बुधवारी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता आणि एकही एसटी सुटली नाही. गुरुवारी सकाळी स्टँडवर पोचले तर भिंतीवर घोषणांवर घोषणा रंगवलेल्या. बाजूची पुसून विरोधाची, विरोधाची पुसून बाजूची. कंट्रोलरने सांगितलं की आज गाड्या आहेत, उद्याचं उद्या. दोन दिवसांचं काम एका दिवसावर आलं, ते तिथेच.

आता कुणी जाणार असेल तर परभणी ते गंगाखेड स्वतःच्या गाडीने तासाभराचं काम आहे, आणि परळीकडे जाणारी रेल्वे आहेच. तेव्हाची एसटी मात्र दर फाट्यावर थांबत, धूळ उडवत निवांत जायची. गोदावरीच्या पुलावर आली की अख्खी गाडी खिडकीतून पाण्यात नाणी टाकायची. माझ्या शेजारच्या आजीने माझ्याही हातात एक नाणं दिलं आणि म्हणाली, "टाक की, कामाला जायलीस ना?" टाकलं. गंगाखेडला स्टँडसमोर सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, वरून शेंगदाणे आणि भरपूर हिरवी मिरची. परभणी जिल्ह्यात फिरताना सकाळी दुसरं काही शोधूच नका. स्वस्त असतो आणि दुपारपर्यंत पोट धरून ठेवतो.

पुढची गाडी ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांमागून रांगत होती. दिवाळी झाली की इकडची अर्धी गावं कोल्हापूर-सांगलीकडे ऊस तोडायला जातात. ट्रकमध्ये भांडी, अंथरुणं, कोंबड्यांची खुराडी, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेल्या बाया. गावांमधून जाताना कुलूप लावलेली दारं ओळीने दिसायची. दुपारी बाराला मी फाट्यावर उतरले आणि ज्वारीच्या रानातून दहा मिनिटं चालत कॉन्व्हेंटच्या फाटकाशी पोचले.

दार उघडलं मदर एमिलियांनी. घरातल्या प्रमुख त्याच, वसईकडच्या, त्यामुळे मराठी स्वच्छ. फिकट राखाडी सुती साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस. त्यांनी मला पाणी दिलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणून खरं काय ते सांगितलं. रोजच्या जीवनाचे फोटो हे निमित्त होतं. त्यांना एकाच माणसाचा फोटो हवा होता, सिस्टर रोझलीनचा.

सिस्टर रोझलीन केरळातल्या. सोळा वर्षं तो दवाखाना त्यांनी चालवला होता, आणि आसपासच्या गावांतली किती पोरं त्यांच्या हातावर जन्मली याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. आता त्यांची बदली झाली होती, पार ओरिसात. बदलीचा कागद आला की का म्हणून विचारायचं नाही आणि निरोपसमारंभ करायचा नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज. शुक्रवारी सकाळी आठच्या गाडीने त्या जाणार होत्या, म्हणजे माझ्या हातात उरलेला तो एकच दिवस. गावात अजून कुणालाच माहीत नव्हतं. बायांना कळलं तर रडारड होईल, ऊसतोडीच्या टोळ्या खोळंबतील, म्हणून रोझलीननेच सांगू दिलं नव्हतं. "या बाया चैत्रात परत येतील तेव्हा ती इथे नसेल," मदर म्हणाल्या. "निदान भिंतीवर तरी असावी."

आणि सिस्टर रोझलीन तर फोटो काढूच देत नव्हत्या. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाहुण्याने त्यांचा फोटो काढला होता, कडेवर एका खंगलेल्या पोराला घेतलेला. तो पुढे कुठल्याशा पत्रकात छापून आला. कुणीतरी तो कागद त्या पोराच्या आईला दाखवला, आणि ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. तेव्हापासून कॅमेरा दिसला की सिस्टर रोझलीन आतल्या खोलीत.

झालं. मला आयुष्यातलं पहिलं बाहेरचं काम मिळालं होतं, आणि ज्यांचा फोटो काढायचा त्याच पळणार होत्या.

मी अंगणात लिंबाखाली बसले, ओढणीची सावली केली आणि घाईघाईने रोल भरला. मग दुपारभर फिरले. आडावर पाणी शेंदणारी सिस्टर, मेथीच्या वाफ्यात बसलेली सिस्टर, भाकरी थापणारी सिस्टर लीमा. ही सगळ्यात धाकटी, हिच्या भाकरीला तीन कोपरे यायचे. मला वाटलं होतं की कॉन्व्हेंट म्हणजे सगळं शांत आणि गंभीर असेल. तिथे तर मेथीवरच्या किडीवरून वाद चालला होता, आणि उंदीर पकडायची पाळी कुणाची यावरून दुसरा.

सिस्टर रोझलीन साठीच्या, काळ्यासावळ्या, ठेंगण्या, चालताना पायातल्या रबरी चपलांचा फटफट आवाज. त्या मराठी शिकल्या होत्या ते दवाखान्यात येणाऱ्या बायांकडून, त्यामुळे मदरांची मराठी पुस्तकातली आणि यांची थेट रानातली. मला बघून म्हणाल्या, "फोटो काढायलीस? काढ. पण मला मधी घेऊ नको. मी काय नवरी हाय का?"

मी मान डोलावली आणि मधे घेतलंच. प्रार्थनेला जाताना, कपडे वाळत घालताना, जेवताना. सहा-सात वेळा तरी त्या चौकटीत आल्या. दर वेळी त्यांना कळायचं आणि त्यांचा चेहरा लाकडासारखा व्हायचा. तरी फोटो तो फोटो.

दवाखान्याच्या ओट्यावर मात्र मी कॅमेरा उचलला नाही, तेवढं त्यांनी बजावलं होतं. तिथे ऊसतोडीला निघालेल्या बायांची गर्दी होती. त्यात गयाबाई भेटली, पंचविशीची, पोटुशी, बडबडी. तिला हंगामभराच्या लोहाच्या गोळ्या हव्या होत्या, आणि गोळ्यांचं नवीन खोकं सिस्टरांनी अजून फोडलं नव्हतं. सकाळी ये, म्हणाल्या. टोळीचा ट्रक पहाटे निघणार होता आणि फाट्यावरून जाणार होता, तेव्हा ती मधेच उतरून येणार होती. मी म्हटलं, इतक्या सकाळी सिस्टर भेटतील का?

"भेटतेत की," गयाबाई म्हणाली. "पण बोलत न्हाईत. रातच्या प्रार्थनेपासून सकाळच्या न्याहारीपर्यंत मौन असतंय त्यांचं. मग आमी बोटं दावतो. पोटावर हात ठिवला आन् बोटं दावली की किती महिने ते कळतंय. कपाळावर हात म्हंजी ताप. लय सोपं हाय."

संध्याकाळी कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा छत्तीसवर आला तेव्हा मला धन्य वाटलं. एका रोलात काम झालं होतं, दोन परत न्यायचे होते, आप्पा खूश होणार होते. मी जेवले, पिठलं आणि लीमाची तीन कोपऱ्यांची भाकरी, आणि पाहुण्यांच्या खोलीत गाढ झोपले.

पहाटे सहाला घंटा झाली. बाहेर आले तर एक सिस्टर घंटेचा दोर धरून उभी, मागे तांबडं फुटलेलं. फिल्मच्या टोकाला कधीकधी एखादा जास्तीचा फोटो मिळतो, म्हणून मी तो घेतला. फिल्म पुढे नेणारा खटका सरकला, सदतीस. अजून एक घेतला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीसला मी थांबले. एवढी फिल्म रोलात नसतेच.

ज्यांनी फक्त मोबाईलवर फोटो काढलेत त्यांना सांगते. फिल्मचं टोक आतल्या दात्यांत नीट अडकलं नाही तर खटका सरकत राहतो, आकडा वाढत राहतो, कॅमेरा टकटक आवाज करत राहतो, आणि फिल्म जागची हलत नाही. ती हलते की नाही हे ओळखायची एकच खूण, डावीकडची रोल गुंडाळायची चकती आपोआप फिरायला हवी. आप्पांनी हे मला शंभर वेळा सांगितलं होतं. मी कॅमेरा उघडला. फिल्मचं टोक होतं तिथेच, माझी वाट बघत बसल्यासारखं. आदल्या दिवसाचा एकही फोटो नव्हता.

मी कॉन्व्हेंटच्या अंगणात उभी राहून रडले. आठला गाडी होती आणि मौन साडेसातला न्याहारीनंतर सुटायचं. मदरांना सांगायचं तरी कसं? प्रार्थना संपवून त्या शेजारून गेल्या, माझ्याकडे पाहून हसल्या, आणि मी तोंड उघडून पुन्हा मिटलं. ज्या घरात चार बायका अशा गप्प आहेत तिथे पहिला शब्द माझ्या गाढवपणाचा असावा, याला माझं मन धजेना.

शेवटी दवाखान्यात गेले. सिस्टर रोझलीन स्टोव्हवर काचेच्या सिरिंज उकळत होत्या, शेवटच्या दिवशीसुद्धा. मी उघडा कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. कोऱ्या फिल्मचं टोक ओढून दाखवलं, मान हलवली, दोन्ही हात रिकामे करून दाखवले. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदर तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. बाई हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यांना हसताना पाहून मलाही हसू फुटलं आणि मी ते ओढणीत दाबलं.

मग त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. मी दुसरा रोल काढला. तो भरताना त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. फिल्म दात्यांत अडकवली, झाकण लावलं, खटका ओढला आणि त्यांना चकती दाखवली. फिरली. त्यांनी स्वतःचं बोट चकतीवर ठेवलं आणि पुन्हा ओढायला लावलं. बोटाखाली ती फिरल्यावर मान डोलावली आणि सिरिंज उकळायला वळल्या. आता त्या पळत नव्हत्या. माझी फजिती त्यांनी पाहिली होती, मग मला आणखी लाजवायचं त्यांच्या जिवावर आलं असावं, किंवा दोघींची भीड त्या हसण्यात मोडली असावी. मी फोटो काढत गेले. दर फोटोनंतर त्या भुवया उंचावून विचारायच्या आणि मी खूण करायचे, फिरली.

सातच्या सुमाराला फाट्यावर ट्रक थांबल्याचा आवाज आला आणि गयाबाई पळत आली. मी कॅमेरा खाली केला. तिने ओट्यावर येऊन एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याची पाच बोटं दाखवली. सिस्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, पायावर बोट दाबून सूज पाहिली, आणि गोळ्यांची पुडकी एकेक करून तिच्या ओटीत घातली. सूर्य म्हणजे सकाळी, भरलेलं पोट म्हणजे जेवणावर, सगळं हातांनीच सांगितलं. गयाबाईने पुडकी बांधली.

"चैतात येते, सिस्टर," ती म्हणाली. "बाळ घिऊनच येते. तुमीच बगा त्याला."

सिस्टरांनी मान डोलावली असती तरी चाललं असतं. मौन होतं, कुणी काही म्हणालं नसतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात मदर उभ्या होत्या. मग सिस्टर रोझलीन बोलल्या, आणि इतक्या वेळ गप्प राहिलेला त्यांचा आवाज घोगरा लागला.

"मी नसन गं, गया. आज जायलेय मी. लांब."

"मागारी कवा?"

"न्हाई आता. ही लीमा हाय. हिला समदं सांगितलंय."

फाट्यावरून ट्रकचा भोंगा वाजला. गयाबाईने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि तिची नजर माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर थांबली.

"बाई, आमचा दोघींचा फोटू काढा," ती मला म्हणाली. "म्हंजी बाळ दावायला मला इथं कोन तरी ऱ्हाईल."

सिस्टर म्हणाल्या, "तुझं बी तोंड भिंतीवर लागंल बरं का. चालंल?"

"लागू द्या की. मी काय चोर हाय?"

मी खटका ओढला, चकतीकडे बघितलं, आणि फोटो काढला. दोघी ओट्यावर उभ्या. गयाबाईने आपणहून पाच बोटं वर केली होती आणि सिस्टरांनी तो हात मनगटाला धरला होता, नाडी बघायला धरावा तसा. त्यांचा चेहरा तेव्हा अजिबात लाकडासारखा नव्हता. अजून तीन फोटो काढले तोवर भोंगा पुन्हा वाजला आणि गयाबाई पुडकी सांभाळत पळाली.

मला वाटलं आता मदर रागावणार. मदर घड्याळात साडेसात होईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "रुग्णासाठी मौन मोडता येतं. तशी मुभा आहे." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की इतक्या सकाळी माझे डोळे का सुजलेत. मी रोलाचं सगळं सांगितलं. त्या हसल्या, आणि कालचे सगळे फोटो लाकडीच आले असते असं त्याच म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

सिस्टर रोझलीनचं सामान म्हणजे एक कापडी पिशवी आणि एक छत्री. आम्ही फाट्यावर गेलो, गाडी आली. माझी गाडी मागून होती. पायरीवर चढून त्या वळल्या आणि विचारलं, "चकती फिरली का गं?" मी म्हटलं, फिरली. त्यांनी हुश्श केलं आणि आत जाऊन बसल्या.

परतीचं फारसं आठवत नाही. कॅमेरा मांडीवर धरून बसले होते आणि दर खड्ड्याला त्याच्यावर हात ठेवत होते. पुलावर कुणी न सांगता नाणं टाकलं.

आप्पांना काहीच न बोलता डार्करूममध्ये शिरले. अंधारात फिल्म धुताना मनात नाही नाही ते आलं. दिवा लावून पट्टी वर धरली तेव्हा त्यात माणसं होती. काळ्याची पांढरी, पांढऱ्याची काळी, पण होती. गयाबाईची पाच बोटं काळी आणि स्पष्ट. मी खाली स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. वाळल्यावर मग आप्पांना पहिल्या रोलाचं सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या मोठ्या मावशीच्या लग्नाचे फोटो उंदरांनी खाल्ले असं मी सांगतो ना, ते उंदरांनी नव्हते खाल्ले. आईला मात्र सांगू नकोस. पुढच्या महिन्यात त्यांनी मला एका लग्नाला एकटीला पाठवलं. त्यानंतर मी डार्करूममध्ये कमी आणि बाहेर जास्त असायचे.

आता त्या वाटेने जाणाऱ्यांनी काय बघावं ते मी सांगू शकत नाही. ते कॉन्व्हेंट आहे की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा गेले नाही. माझ्याजवळ राहिली ती एक सवय. आता डिजिटल कॅमेरा आहे, त्याला चकतीच नाही, तरी पहिला फोटो काढल्यावर डाव्या हाताचं बोट वर जातं आणि तिथे काहीतरी फिरतंय का बघतं.

आणि एक पोस्टकार्ड राहिलं, त्या उन्हाळ्यात मदरांनी पाठवलेलं. फोटो दवाखान्यात लावला होता. गयाबाई परत आली होती, बाळंतीण सुखरूप, कडेवर दीड महिन्याची मुलगी. ती आली पहाटेच, मौनाच्या वेळी. लीमा पुढे झाली तर तिला हातानेच थांबवलं आणि भिंतीपाशी गेली. मदरांनी लिहिलं होतं की फोटोशीसुद्धा ती एक शब्द बोलली नाही. पोटावर हात ठेवला, पाचही बोटं मिटली, आणि मुलीला दोन्ही हातांनी वर धरून सिस्टर रोझलीनला दाखवली.